कुमिको दिवा: खाचा कधी सैल, कधी घट्ट

रावपुरा_रात्रपाळी
नमस्कार. बडोद्यात सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. जपानी कुमिको पद्धतीचा, म्हणजे बारीक लाकडी पट्ट्या खाचांत जुळवून केलेल्या जाळीचा, टेबलावरचा दिवा करायला घेतलाय. चारी बाजूंना आसानोहा (चांदणीसारखी पानांची) नक्षीची जाळी, आतून कागद. मशीनच्या पॅकिंग पेट्यांचं पाइन मिळालं, त्याच्या ३ मिमी जाड, १२ मिमी रुंद पट्ट्या काढल्या. काही खाचा सैल बसतात, काही इतक्या घट्ट की पट्टी खाचेपाशीच मोडते. सैल जागी फेव्हिकॉल भरू का? की सरळ साग आणू? आणि आपल्या पावसाळ्यात कागदाचं काय?

जुना_पॅटर्नवाला
फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे जरा ठणकावून सांगतो. खाचा सोडा, आधी पट्ट्या मोजा. व्हर्नियर लावा, एक पट्टी २.९ भरेल, दुसरी ३.२. मग एकाच मापाची खाच दोघींना कशी बसणार?

एका सपाट फळीवर दोन कडक लाकडी रुळ ठोका, बरोबर ३ मिमी उंच. मध्ये पट्टी ठेवून रंधा रुळांवर टेकेपर्यंत मारा. सगळ्या पट्ट्या त्यातूनच काढा. मग सगळ्या एकत्र शिकंज्यात आवळून गुण्याने रेघ ओढा आणि खाच एका दमात आरपार कापा, खोली रुंदीच्या निम्मी. जपानी करवत ओढताना कापते, म्हणून तिचं पातं बारीक ठेवता येतं. आपली ढकलायची करवत इथे फाटे पाडते. रेघेच्या आतून कापा, उरलेलं पटाशीने.

फेव्हिकॉल भरू नका. उभ्या-आडव्या खाचांना कणभर लावला तर हरकत नाही, आतली नक्षी मात्र नुसत्या दाबावर उभी राहते. चौकोनी आसानोहाला तीन उताराचे ठोकळे लागतात: ४५, २२.५ आणि ६७.५ अंश. कोपरा ९०चा, कर्ण त्याचे दोन भाग करतो, म्हणून कर्णाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी ४५. उरलेल्या ४५च्या फटीत जी पट्टी शिरते तिला २२.५. शेवटची कुलूपपट्टी, म्हणजे बाकीच्यांना जखडणारी, १३५च्या खोबणीत बसते, तिचं ते टोक ६७.५. ठोकळ्याला पट्टी टेकवून धारदार पटाशीने हळूहळू सोला. लांबी केसभर जास्त ठेवा, मग उतरवा. कमी झाली की ती पट्टी चुलीत.

साग नको. त्यात सिलिका असते, पटाशीची धार खाते. जपानी लोक हिनोकी, सुगी असली सरळ रेषांची मऊ लाकडं घेतात. तुमचं पाइन त्याच जातकुळीचं आहे, फक्त गाठी असलेलं बाजूला काढा. देवदारही चालेल.

रावपुरा_रात्रपाळी
काका, पट्ट्या खरंच २.८ ते ३.३ निघाल्या. लाटीवर (लाकडाच्या वखारीत) हळदूचं लाकूड मिळतं म्हणतात, ते? आणि कोणी म्हणालं, बडोद्याजवळच्या संखेड्याच्या कारागिरांना विचार.

जुना_पॅटर्नवाला
हळदूची रेषा बारीक, कापायला छान, पण कठीण. पहिल्या दिव्यासाठी पाइनच बरं. संखेड्याची कला कातकामाची आणि लाखेच्या रंगाची, ते फार सुंदर करतात, पण हे काम वेगळं. त्यांना त्रास देऊ नका.

एक अजून. पावसाळ्यात लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. मे महिन्यात खाचेत बरोबर बसणारी पट्टी जुलैत फुगून त्याच खाचेत घट्ट वाटेल. एका दिव्याचं सगळं लाकूड एकदम तयार करा आणि जुळणी होईपर्यंत झाकणाच्या डब्यात ठेवा.

फाइन_आर्ट्सवाली
कागदाबद्दल मी बोलते. वाशी हा जपानी हातकागद नसेल तर नेपाळी लोकता कागद घ्या, लांब तंतूंचा असतो, पटकन फाटत नाही. पतंगाचा कागद नको, उत्तरायणाला ठीक, दिव्याजवळ त्याचा रंग उडेल. जाळी बाहेर, कागद आत. चिकटवायला तांदळाची किंवा मैद्याची खळ, म्हणजे पुढे कागद बदलताना पाण्याने सुटते. जपानमध्ये शोजीचे, म्हणजे कागद लावलेल्या सरकत्या दारांचे, कागद वर्षअखेरीस असेच बदलायचे. आपल्याकडे खळीवर झुरळं आणि कसर येतात, म्हणून बाइंडरवाले करतात तसं चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला. विषारी असतं, जेवणाच्या भांड्यात खळ करू नका. पावसात कागद ढिला पडेलच. कोरड्या दिवशी वरून पाण्याचा हलका फवारा मारा, वाळताना ताणतो.

बल्ब एलईडी घ्या, ३ वॉटचा, पिवळसर, २७०० केल्विन, दुधी काचेचा. पारदर्शक काचेचा घेतला तर कागदावर एकच पांढरा ठिपका दिसतो.

रावपुरा_रात्रपाळी
झकास. आसानोहाऐवजी तिकोनी जाळी पहिल्यांदा करावी का, सोपी वाटते.

जुना_पॅटर्नवाला
अजिबात नाही. तिकोनीत ६० अंशांवर तीन पट्ट्या एकाच जागी येतात. एकीची दोन-तृतीयांश खाच वरून, दुसरीची खालून, तिसरीला वरून आणि खालून एक-एक तृतीयांश. मधली तिथंच मोडते. चौकोनीच करा, आणि आधी एकच बाजू.