मदत हवी आहे: घड्याळं आणि दागिन्यांच्या शोरूमची प्रकाशयोजना

नमस्कार मंडळी. महागडी घड्याळं आणि दागिने यांच्या एका शोरूमचं इंटिरिअर करतेय. फर्निचर, तिजोरीची खोली, ग्राहकाला निवांत बसवून दाखवायची टेबलं हे सगळं मार्गी लागलंय. घोडं अडलंय ते उजेडापाशी.

सोनं ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) उबदार प्रकाशात सुरेख दिसतं, पण त्यात हिरा पिवळट वाटतो. ४००० च्या पुढे गेलं की हिरा खुलतो आणि सोनं फिकं पडतं. म्हणून दोन्हींच्या शोकेस वेगळ्या केल्या. पण हिरेजडित सोन्याच्या हारांचं काय? ३५०० लावून पाहिला, धड हे नाही धड ते नाही. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वरचाच घेतलाय. आर९, म्हणजे गडद लाल रंगापुरता तसाच आकडा, तोही तपासला, कारण तो कमी असला की माणकाचा लाल रंग मातकट होतो.

घड्याळांचा त्रास वेगळाच. काल नमुन्याच्या शोकेसवर वाकून पाहिलं तर काट्यांआधी दिव्यांचे ठिपकेच दिसले, आणि वरच्या काचेत माझा चेहरा. शोकेसला अँटी-रिफ्लेक्टिव्ह काच लावेन, पण घड्याळाची स्वतःची काच फुगीर आहे, दिवा हलवला तरी ठिपका नुसता सरकतो. डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारं आवरण) लावला की ठिपका विरतो, पण पॉलिश केलेल्या कडांची चमकही जाते, आणि ती घालवणं मला अजिबात पटत नाही.

कोणी प्रत्यक्ष केलंय का हे काम? दिवे कुठे आणि किती तिरके बसवलेत? एकाच शोकेसमध्ये दोन रंगांचा प्रकाश एकत्र वापरून पाहिलाय का कोणी?