लंबकाचे घड्याळ : तेलाआधी टिकटिक ऐकावी

रंगकामासाठी उतरवलेले लंबकाचे घड्याळ पुन्हा टांगल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थांबते, या तक्रारीवर यंत्राला तेल घालण्याचा सल्ला एकाने दिला आहे. तो मला घाईचा वाटतो. उतरवण्यापूर्वी नीट चालणारे यंत्र जागा बदलताच अडत असेल, तर दोष बहुधा समतोलाचा असतो. दोन्ही बाजूंच्या टिकटिकीतले अंतर सारखे आहे का, हे कान देऊन ऐकावे. ठेका लंगडा असेल, तर पेटीचा खालचा भाग केसभर डावीकडे-उजवीकडे सरकवत जावे आणि अंतर सारखे झाले की भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. तशी पेटी डोळ्यांना तिरकी दिसत असेल, तर ती सरळ करून लंबकाला ढकलणारा तारेचा दांडा किंचित वाकवावा. मात्र लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर लटकतो, तिला मुरड पडू देऊ नये, कारण मग लंबक झोके घेताना डगमगतो. घड्याळ हलवताना लंबक काढून ठेवला नसेल, तर ही पट्टी आधी तपासावी. तेल लागलेच, तर घड्याळाचेच, आणि तेही आसांच्या टोकांना टाचणीच्या अग्राएवढे. एकमेकांत गुंतणाऱ्या चाकांच्या दातांना मुळीच नको, तिथे ते फक्त धूळ धरते.