साक्षरता वर्गाच्या स्वयंसेवकाला आधी काय हवे: मार्गदर्शक की मानधन?

माणगंगा:
‘उल्लास’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, निरक्षर प्रौढांसाठीच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाची (२०२२ ते २०२७) सारी भिस्त विनामानधन स्वयंसेवकांवर आहे. नोंदणी ॲपवर होते, साहित्य मोबाइलवर मिळते आणि मग थेट दीडशे गुणांच्या चाचणीचा दिवस उजाडतो. मधल्या काळात वर्ग कसा चालला आहे, हे पाहायला सहसा कोणी फिरकत नाही; फिरकलेच, तर फोटो काढून निघून जाते. दहा-बारा स्वयंसेवकांमागे एक अनुभवी मार्गदर्शक असावा, त्याने पंधरवड्यातून एकदा वर्गात मागे बसावे आणि वर्ग सुटल्यावर स्वयंसेवकाशी निवांत बोलावे, असे माझे मत आहे.

एका वर्गात भाजी विकणाऱ्या मावशींनी सत्तर रुपयांचा हिशेब ‘तीन विसा आन् धा’ असा अचूक सांगितला. शिकवणारा मुलगा अध्यापक पदविकेचा विद्यार्थी, मनाने चांगला. पण त्याने ‘असे नाही, सत्तर म्हणा’ असे म्हणून त्यांना एकपासून शंभरपर्यंत उजळणी लिहायला बसवले. जिचा तोंडी हिशेब पक्का आहे, ती बाई त्या वर्गात गणितात कच्ची ठरली. शेजारच्या आजी पुस्तक हात लांब करून धरत होत्या, आणि त्यांच्या लक्षात राहत नाही, अशी त्या मुलाची तक्रार होती. आजींना गरज चाळिशीची होती. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हे सांगता येईलही, पण ते दिसावे लागते, आणि नवख्याला ते दाखवणारा कोणी तरी शेजारी लागतो.

गोदाकाठ:
निरीक्षण योग्य आहे, उपाय मात्र उलट्या टोकाचा आहे. २००९ साली सुरू झालेल्या ‘साक्षर भारत’मध्ये ग्रामपंचायतीच्या लोकशिक्षण केंद्रावर ते केंद्र चालवणारे दोन प्रेरक असत आणि त्यांना दरमहा दोन हजार रुपये मानधन ठरले होते. रक्कम तुटपुंजी होती, तरी त्या जोरावर काही माणसे या कामात टिकली आणि प्रौढांना कसे शिकवायचे, हे चुकतमाकत शिकली. मार्च २०१८ मध्ये योजना संपली आणि ती सगळी घरी बसली. अनुभवी माणसे हातची घालवून आता अनुभवी मार्गदर्शक शोधायचा, हा कोणता हिशेब? जो स्वतः फुकट राबतो आहे, त्याला कसे राबावे हे सांगायला आणखी एक माणूस पाठवणे मला तरी अन्यायाचे वाटते.

पाटीपेन्सिल:
माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमात मी केंद्र चालवले आहे. महिना पन्नास रुपये मिळत. आमच्यावर पर्यवेक्षक होता आणि कागदोपत्री त्याचे काम मार्गदर्शनाचेच होते. प्रत्यक्षात तो आला की आधी हजेरीपट उघडायचा आणि मग कंदिलाच्या रॉकेलचा हिशेब मागायचा. त्यामुळे तो यायचा त्या दिवशी आम्ही शेजारपाजारची माणसे गोळा करून वर्ग भरवत असू. आपल्या शासकीय यंत्रणेत वरून आलेला माणूस तपासणीसच ठरतो. आज हे काम केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, गळ्यात पडेल. त्यांची अनेक पदे रिक्त आहेत, आणि अशैक्षणिक काम म्हणून शिक्षक संघटनांनी २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला होता, हेही विसरू नये.

अबोली:
आमच्या वाडीत नातच आजीला शिकवते, तेही चुलीपुढे, भाकऱ्या होईपर्यंत. तिथे तिसरे माणूस बसले, तर आजी पाटी उचलून आत जाईल. प्रत्येक गोष्टीला मार्गदर्शक कशाला हवा?

माणगंगा:
अबोलीताई, नातीची माया मोठी आहे, पण ती शाळेत जसे शिकली तसेच शिकवते: अक्षर दहा वेळा गिरवून आण, मग पुढचे. साठीतल्या बाईला आधी स्वतःचे नाव, एसटीची पाटी, रेशनची पावती वाचायची असते. नातीशी मार्गदर्शक ओसरीवर वेगळे बोलू शकेल. चुलीपुढे बसण्याची गरज नाही.

पाटीपेन्सिल यांचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, म्हणून प्रस्तावात दुरुस्ती करतो. मार्गदर्शकाकडे हजेरी, फोटो किंवा उद्दिष्टाचा आकडा यांपैकी काहीही नसावे आणि त्याच्या नोंदी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ नयेत. निवृत्त शिक्षक आणि पूर्वीचे प्रेरक यांतून ही माणसे निवडता येतील. मानधनाविषयी एवढेच म्हणेन की १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेली ग्राम शिक्षण मोहीम मानधनावर उभी नव्हती, आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी संपूर्ण साक्षर घोषित झालेल्या केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यातही हजारो कार्यकर्ते विनावेतन शिकवत होते. केरळ शास्त्र साहित्य परिषदेसारखी लोकविज्ञान चळवळीतली संघटना त्यांच्या पाठीशी होती, हा मला त्यातला कळीचा भाग वाटतो.

पाटीपेन्सिल:
ग्राम शिक्षण मोहिमेचे उदाहरण आपल्या विरोधातही जाते. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई, शपथ घेतली जाई, आणि पुढे वाचायला काही नसल्याने अनेक जण शिकलेले विसरून गेले. आपण म्हणता तसा, वरच्याला उत्तरदायी नसलेला मार्गदर्शक मिळाला, तर माझी हरकत नाही. परंतु असे पद शासननिर्णयात कसे बसवणार? अहवाल न मागणारे पद मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही.

गोदाकाठ:
आणि एर्नाकुलमची ती मोहीम जेमतेम वर्षभराची होती. वर्षभर माणूस उत्साहावर काम करतो, पाच वर्षे नाही. ऊसतोड सुरू झाली की आमच्याकडे निम्मा वर्ग कारखान्याच्या फडावर जातो आणि परतल्यावर पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते. असा वर्ग वर्षानुवर्षे धरून ठेवणारी बाई स्वतः रोजंदारीवर जाते; तिची संध्याकाळ फुकट मागायची आणि मार्गदर्शकाला मात्र प्रवासभत्ता द्यायचा, हे तिला पटेल का? आपल्या प्रस्तावात तिच्यासाठी किती रुपये धरले आहेत, ते आधी सांगा. मार्गदर्शकाचे पद कसे बसवायचे, यावर मग बोलू.