मदत हवी आहे: पोरीचा मायनस नंबर अन् आपलं ऊन

नमस्कार मंडळी, यवतमाळकडच्या खेड्यातून विचारतोय. पोरगी तिसरीत आहे, फळ्याकडे डोळे बारीक करून पाहायची म्हणून दाखवलं तर मायनस नंबर निघाला. डॉक्टर म्हणाले रोज बाहेर उजेडात खेळू द्या. काहून ते शोधलं तर कळलं की भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन नावाचं रसायन सुटतं अन् वाढत्या डोळ्याला लांबट होऊ देत नाही (डोळा लांबट झाला की मायनस नंबर येतो), कोंबडीच्या पिल्लांत औषधाने डोपामाइनचं काम अडवलं तर उजेडाचा फायदाच गेला म्हणे. तैवानात तर 2010 पासून शाळेतल्या पोरांना रोज 120 मिनिटं बाहेर काढायचा कार्यक्रम आहे. पण बाप्पा, आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्री, दुपारी कुत्रंही बाहेर दिसत नाही! मोबाइलच्या उजेड मोजायच्या ॲपवर पाहिलं तर ट्यूबलाइटखाली 200 लक्सच्या (उजेडाचं माप) आसपास अन् कडुनिंबाच्या सावलीत 7-8 हजार, म्हणजे सावलीतही भागते का? सकाळी 7 ते 9 निंबाखाली बसून अभ्यास केला तर चालेल की दूरवर पाहणंही पायजे? अन् नंबर लागल्यावर उजेडाने वाढ खरंच थांबते का, कोणाच्या लेकराचा अनुभव असेल तर सांगा न भाऊ. नंबर वाढायचा कमी व्हावा म्हणून डोळ्यात घालतात ते ॲट्रोपिनचे थेंब कोणी घालताय का?