मदत हवी आहे: ताईंच्या निवडणुकीला पैसे दिले, आता काय करू?

पाऊसवेडा (१८ मार्च २०२५)
पटकन कुणीतरी सांगा. आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शाळा बघणाऱ्या स्कूल बोर्डावरच्या एक मराठी ताई यंदा हाउस ऑफ डेलिगेट्सला, म्हणजे राज्याच्या विधानसभेला, उभ्या आहेत. मागच्या आठवड्यात मी ऑनलाइन २५० डॉलर दिले. काल ऑफिसातला एकजण म्हणाला, "तू द्यायला नको होतेस," आणि मीटिंगला निघून गेला. शनिवारी आमच्याकडे त्यांच्यासाठी चहापान आहे, तीस जणांना निरोप गेलेत. पैसे परत मागू का? चहापान रद्द करू का? कृपया "वकिलाला विचारा" एवढंच लिहू नका.

साताराएक्सप्रेस
राज्य कुठलं? हाउस ऑफ डेलिगेट्स मेरीलँडमध्ये आहे, वेस्ट व्हर्जिनियातही आहे. प्रत्येकाचे नियम वेगळे.

माजघर
स्कूल बोर्डावर असताना उभं राहता येतं? आधी राजीनामा द्यावा लागतो ना?

पाऊसवेडा
व्हर्जिनिया. राजीनाम्याचं मी विचारलेलं नाही.

रिचमंडवाला
माजघर, व्हर्जिनियात उमेदवारीसाठी राजीनामा लागत नाही. निवडून आल्यावर बोर्डाची खुर्ची सोडावी लागते.
पाऊसवेडा, व्हिसा कोणता? सगळं त्यावरच आहे आणि तेच तुम्ही लिहिलेलं नाही.

पाऊसवेडा
एच-वन-बी, नोकरीचा तात्पुरता व्हिसा. नऊ वर्षं झाली. टॅक्स वेळेवर भरतो, घर स्वतःचं आहे. त्याचा काय संबंध?

रिचमंडवाला
मग देणगी देता येत नाही. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक सोडून कुणालाच नाही. केंद्राची निवडणूक असो, राज्याची असो की गावची. हा प्रश्न कोर्टात जाऊन आलाय. ब्लूमन नावाचा कॅनडाचा तरुण वकील तात्पुरत्या व्हिसावर न्यूयॉर्कमध्ये नोकरी करत होता. त्याला आपल्या आवडीच्या उमेदवारांना थोडे पैसे द्यायचे होते. २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने नाही म्हटलं, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला.
पैसे भरताना खाली एक चौकोन असतो, "मी अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे". त्यावर टिक केलीत का?

पाऊसवेडा
असेल. फोनवर केलं, घाईत.

नदीकाठ
अडीचशे डॉलरला कोण विचारतंय? व्हर्जिनियात देणगीला कमाल मर्यादाच नाही, लोक लाखांनी देतात. गप्प बसा, कुणाला कळणार नाही.

रिचमंडवाला
नदीकाठ, असा सल्ला देऊ नका. शंभर डॉलरच्या वर गेलं की देणगीदाराचं नाव-गाव हिशेबात छापून येतं आणि ते कुणालाही बघता येतं. ताईंच्या विरोधकाला आयतं कोलीत मिळेल. पाऊसवेडा, आजच त्यांच्या खजिनदाराला ईमेल करा. मी एच-वन-बीवर आहे, नियम माहीत नव्हता, रक्कम परत करा, एवढंच. उत्तर जपून ठेवा.

नदीकाठ
इथे सगळ्याचाच बाऊ. आमच्या आत्या झेडपीवर होत्या, मग आमदारकीला अपक्ष उभ्या राहिल्या. दहा हजार अनामत, दहा सूचक, अर्ज दाखल. अख्ख्या गावाने भाकऱ्या बांधून दिल्या, कुणी व्हिसा विचारला नाही.

साताराएक्सप्रेस
सूचकांवरून आठवलं. इथे प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, हाउसच्या उमेदवाराला मतदारसंघातल्या १२५ मतदारांच्या सह्या लागतात, यंदा मुदत ३ एप्रिल, संध्याकाळी पाच. शिवाय फी ३५२ डॉलर ८० सेंट, म्हणजे डेलिगेटच्या १७,६४० डॉलर पगाराचे दोन टक्के. सह्या दोनशे तरी गोळा करा. मागे मी एका उमेदवारासाठी देवळाच्या पार्किंगमध्ये उभा होतो. एका रविवारी साठ झाल्या, त्यातल्या निम्म्या बाद! कुणी पलीकडच्या मतदारसंघातला, कुणाची मतदार नोंदणीच नाही. आणि फॉर्म पाठपोट छापा. सह्या घेणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र त्याच कागदाच्या मागे असतं.

पाऊसवेडा
हो, ते फॉर्म आमच्याकडेच आहेत. रविवारी मंडळाच्या गुढीपाडव्याला टेबल टाकणार आहोत. पहिली सही हिनेच केली.

रिचमंडवाला
थांबा. हिने म्हणजे वहिनींनी? त्या कोणत्या व्हिसावर?

पाऊसवेडा
एच-फोर, माझ्या व्हिसावर अवलंबून असलेला. का?

रिचमंडवाला
पैशांपेक्षा हे गंभीर आहे. त्या कागदावर सही करणारा "मी इथला मतदार आहे" असं म्हणत असतो, आणि मतदार फक्त नागरिक असतो. नागरिक नसताना तसं लिहून देणं ग्रीन कार्डाच्या वेळी फार महागात पडू शकतं. ते पान नोटरीकडे गेलंय का?

पाऊसवेडा
नाही. टेबलावरच आहे. आमचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर होऊन सहा वर्षं झाली आहेत. हात कापतायत माझे.

साताराएक्सप्रेस
घाबरू नका, पान तुमच्याच घरात आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, ताईंना फोन करा, ती ओळ त्यांच्यासमोर खोडा. फाडू मात्र नका. आणि क्षमा करा, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचाराच.

माजघर
पण नवरा सह्या गोळा करू शकतो ना? नियमात "अमेरिकेचा कायदेशीर रहिवासी" एवढंच आहे. एच-वन-बीवाला कायदेशीरच राहतो की.

रिचमंडवाला
त्या शब्दांचा अर्थ नोटरीसमोर शपथेवर लावायची जोखीम त्यांनी का घ्यावी? ते काम एखाद्या नागरिकाला द्या. बिनपगारी मदत, फोन करणं, घरोघरी पत्रकं वाटणं चालतं. चहापानाचा खर्च मात्र वस्तूरूपातली देणगी ठरू शकतो. आणि मंडळ करमुक्त संस्था असेल तर पाडव्याच्या मंचावरून एकाच उमेदवाराचं नाव घेऊ नका, मंडळ अडचणीत येईल.

माजघर
एवढा आटापिटा कशासाठी? स्कूल बोर्डावर बऱ्या होत्या की.

पाऊसवेडा
माजघर, आमचा मुलगा बोलताना अडखळतो. शाळेतल्या स्पीच थेरपीचे तास कमी झाले तेव्हा मी बोर्डाच्या सभेत दोन मिनिटं बोललो, इंग्रजीत माझीच ततपप झाली. रात्री साडेअकराला सभा संपल्यावर ताई पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी आल्या. वहीत मुलाचं नाव लिहून घेतलं, शाळा कुठली, तास किती होते, किती उरले. तीन आठवड्यांनी तास परत मिळाले. म्हणून.

रिचमंडवाला
त्यांनी रिचमंडला, राज्याच्या विधिमंडळात, जायलाच हवं. व्हर्जिनियातल्या स्कूल बोर्डाला स्वतः कर लावता येत नाही. पैसा काउंटी देते आणि राज्य देतं, आणि राज्याचं सूत्र विधिमंडळ ठरवतं. २०२३ मध्ये विधिमंडळाच्याच अभ्यास आयोगाने लिहिलं की इथल्या शाळांना देशाच्या सरासरीपेक्षा दर विद्यार्थ्यामागे सुमारे १,९०० डॉलर कमी मिळतात. हे बोर्डात बसून सुटणारं नाही.

इतिहासप्रेमी
जिमी कार्टरही याच वाटेने गेले. जॉर्जियात सम्टर काउंटीच्या स्कूल बोर्डाचे अध्यक्ष होते, १९६२ मध्ये राज्याच्या सिनेटला उभे राहिले. जॉर्जटाउनच्या केंद्रावर ३३३ जणांनी मत दिलं आणि पेटीत निघाली ४२०. ते कोर्टात गेले, ती पेटी बाद झाली आणि ते निवडून आले.

नदीकाठ
धाग्याचा विषय काय आणि चाललंय काय. चहापानाचं ठरलं का?

पाऊसवेडा (२० मार्च)
ठरलं. शेजारचे काका नागरिक आहेत, त्यांच्याकडे होणार, खर्चही तेच करतायत. खजिनदारांचं उत्तर आलं, पैसे कार्डावर परत येतील. काल ताई स्वतः आल्या, हिच्या सहीवर आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख घातली. "तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, चूक माझी," म्हणाल्या. हिला रडू आलं. पाडव्याला टेबलावर काकू बसतील, मी गाडीतून खुर्च्या नेणार.

साताराएक्सप्रेस
आणि वकील?

पाऊसवेडा
सोमवारी साडेनऊला. तो फोटो आणि खजिनदारांचा ईमेल छापून ठेवलाय.