जनुकीय तपासणीचं आधीच विचारा

पित्तनलिकेच्या (यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळीच्या) कर्करोगात शस्त्रक्रिया होत नसेल तर केमो आणि त्यापुढे काही नाही, असं एकांनी लिहिलंय. पहिला भाग बरोबर. २०१० पासून जेमसिटाबिन-सिसप्लॅटिन हीच केमोच्या औषधांची मुख्य जोडी आहे, २०२२ पासून सोबत ड्युरव्हॅलुमॅब ही इम्युनोथेरपीही (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला मदत करणारं औषध) देतात. पण 'पुढे काही नाही' हे अजिबात पटत नाही. गाठ यकृताच्या आतल्या पित्तनलिकेत असेल तर काही रुग्णांत एफजीएफआर२ किंवा आयडीएच१ या जनुकांत बदल सापडतो, आणि त्यावर पेमिगॅटिनिब, आयव्होसिडेनिब या गोळ्या आहेत. त्या महाग आहेत, आजार मुळापासून जात नाही, पण वेळ मिळतो, आणि घरच्यांना त्या वेळेची किंमत कळते.

माझ्या आत्याच्या वेळी या तपासणीचा विषय केमोचा उपयोग थांबल्यावर निघाला. तोवर बायोप्सीचा तुकडा पुरेसा उरलाच नव्हता. पित्तनलिकेतून ब्रशने घेतलेला नमुना मुळातच थोडा असतो, म्हणून बायोप्सीआधीच डॉक्टरांना विचारा की जनुकीय तपासणीपुरता नमुना मिळेल ना. आणि कावीळ असली तरी थंडी-ताप (म्हणजे संसर्गाची लक्षणं) नसेल, तर स्टेंटच्या (अडलेलं पित्त वाहतं करायला आत बसवतात त्या नळीच्या) आधी सीटी स्कॅन आणि एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून घेता येईल का तेही विचारा. स्टेंट बसल्यावर गाठ कुठवर गेलीय ते नीट दिसत नाही.