मदत हवी आहे: वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही, पिळायच्या आधीच अडतं

घरी ७ किलोचं फ्रंट लोड मशीन आहे, वॉरंटी कधीच संपलेली. हल्ली ते कपडे व्यवस्थित धुतं, पण पाणी सोडायची वेळ आली की नुसतं गुणगुणत बसतं. ड्रममध्ये वीतभर पाणी तसंच राहतं. मग पाणी न गेल्याचा एरर कोड दाखवून थांबतं आणि दारही उघडत नाही. बंद करून फक्त 'ड्रेन' लावलं की थोडं पाणी जातं. एखाद्या वेळी पिळूनही देतं, पण कपडे ओलेगच्चच निघतात.

खालच्या कोपऱ्यातला फिल्टर काढून धुतला. एक नाणं, शर्टाचं बटण आणि केसांचा गुंता निघाला. वाटलं, काम झालं. पण पुढच्याच धुण्याला परत तेच.

मेकॅनिक येऊन गेला. मशीन न उघडताच म्हणाला, "पंप गेलाय, बोर्डही गेला असेल." पंपाचा आवाज तर येतोय, मग तो गेला कसा, हे मला काही पटत नाहीये. घरात पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि मल्टिमीटर आहे, वापरताही येतो. पार्ट मागवण्याआधी मी स्वतः काय तपासू? कुठून सुरुवात करू तेही सांगा.

प्रतिसाद

मागचा ड्रेन पाइप मशीन आणि भिंतीच्या मध्ये दबलाय का ते बघा आधी. साफसफाईसाठी मशीन ओढलं आणि परत ढकललं की हमखास मुडपतो.

प्रतिसाद

पंप गेला की नाही ते आवाजावरून बरंचसं कळतं. अजिबात आवाज नसेल तर पंपापर्यंत वीज पोचत नाहीये किंवा कॉइल जळलीय. खडखड येत असेल तर पात्यात काहीतरी टणक अडकलंय. नुसता गुणगुणत असेल आणि पाणी हलत नसेल, तर पातं अडलंय किंवा पंप फिरतोय पण पाण्याला वाट नाही. तुमची केस या शेवटच्यातली वाटते. बोर्डचा (मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटचा) विषय तूर्तास सोडून द्या. बोर्ड सांगतोय म्हणूनच पंप वाजतोय.

प्लग काढा. फिल्टर काढल्यावर जे भोक उरतं त्यात टॉर्च मारा. आत छोटं प्लास्टिकचं पातं दिसेल. ते पेन्सिलीच्या टोकाने फिरवून बघा. गुळगुळीत फिरणार नाही, प्रत्येक पाव-अर्ध्या फेरीला अडल्यासारखं होऊन टुणकन पुढे सरकेल. पुष्कळ लोक इथेच पंप खराब ठरवून मोकळे होतात. पण या पंपांच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, त्यामुळे त्यांचं फिरणं असंच असतं. उलट पातं काहीच न अडता सैल गरगरलं किंवा दांड्यावर लटपटलं, तर ते दांड्यापासून सुटलेलं असू शकतं. तेव्हा पंप बदलावा लागेल. पात्याच्या बुडाशी दोरा किंवा केस गुंडाळलेला असेल तर चिमट्याने ओढून काढा.

पातं ठीक असेल तर अडथळा कुठे आहे ते शोधायला दोन चाचण्या पुरतात.

पहिली. ड्रेन पाइपचं टोक सिंकखालच्या जोडणीतून काढून बादलीत धरा, आणि फक्त ड्रेन चालू करा. जोरदार धार आली तर मशीन निर्दोष, चोंदलंय ते सिंकखालचं तोंड. (बादली बघता बघता भरते, मशीन बंद करायला कोणीतरी जवळ असू द्या.) धार बारीक असेल तर दोष पाइपात किंवा त्याच्या अलीकडे.

दुसरी. बहुतेक फ्रंट लोडमध्ये फिल्टरच्या शेजारी बूच लावलेली एक बारीक रबरी नळी असते. पाणी गरम असेल तर आधी निवू द्या. नळी एका पसरट ट्रेमध्ये सोडून बूच काढा. इथे पंपाचा काही संबंध नाही, पाणी उताराने येतं. सुरुवातीला धार लागून लगेच थेंब थेंब झालं आणि ड्रमात मात्र पाणी तेवढंच राहिलं, तर टब (ड्रमभोवतीचं, पाणी धरणारं बाहेरचं भांडं) आणि फिल्टर यांच्यामधल्या जाड रबरी नळीत काहीतरी बसलंय. तिथला अडथळा फिल्टर कितीही धुतला तरी निघत नाही.

मल्टिमीटर आहेच तर पंपाच्या दोन टोकांमधला रोध (रेझिस्टन्स) बघून घ्या. साध्या पंपात शे-दोनशे ओहमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय.

आणि हो, टबात पाणी असताना मशीन जोरात पिळत नाही, ते मुद्दामच तसं केलेलं असतं. तो वेगळा बिघाड समजू नका.

प्रतिसाद

वरच्या उत्तरात 'प्लग काढा' एका ओळीत येऊन गेलंय म्हणून पुन्हा लिहितो. मशीनवरचं बटण बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. पिन सॉकेटमधून बाहेर. इन्व्हर्टर मशीन असेल तर बोर्डवरचे कपॅसिटर पिन काढल्यावरही काही वेळ चार्ज धरून असतात, तिकडे हात नको. पंप आणि नळ्यांसाठी बोर्ड उघडावाही लागत नाही.

मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या. मशीनच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांची एक बाजू पत्र्याला जोडलेली असते. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर पुरवठ्याच्या निम्म्याच्या जवळपास व्होल्टेज मीटरवर दिसतं. यात प्रवाह अगदी थोडा असतो, पण हीटर आतून फुटून वीज झिरपत असेल तरीही पहिली खूण मुंग्यांचीच. दोन्हींतलं कुठलं ते बाहेरून ओळखता येत नाही. तोवर मशीन वापरू नये.

प्रतिसाद

पावडर किती आणि कोणती घालता? हाताने धुवायची जास्त फेसाची पावडर फ्रंट लोडमध्ये घातली तर पंप पाण्याऐवजी फेस घुसळत बसतो आणि फेस काही वर चढत नाही. आवाज येतो, पाणी जात नाही, थोड्या वेळाने फेस बसला की जातं. लक्षणं बरीच जुळतात म्हणून विचारलं. काचेतून अर्ध्याच्या वर फेस दिसत असेल तर हेच कारण.

शिवाय ड्रेन पाइपची उंची. बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत जमिनीपासून ६० ते १०० सेंमी सांगितलेली असते. फार उंच नेला तर पंपाला झेपत नाही. जमिनीवर सोडला तर उलटं, पाणी भरता भरताच आपोआप वाहून जातं आणि मशीन भरतच राहतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पाइप दबलेला नाही, उंची कंबरेइतकी आहे. पावडर मशीनचीच, फेस अगदी किरकोळ. मुंग्या येत नाहीत.

पातं अडत अडत फिरतंय, म्हणजे ठीक. रोध १६०च्या आसपास आला. बादलीतही धार बारीकच, मधूनच तुटणारी. बारीक नळी मात्र सोडली तेव्हा ट्रेमध्ये जेमतेम कपभर पाणी आलं आणि थांबलं. ड्रम तसाच भरलेला. म्हणजे ती जाड नळीच ना? तिथे पोचायचं कसं? आणि फिल्टरच्या भोकातून तार घालून ढोसलं तर चालेल का?

प्रतिसाद

हो, जाड नळीच. तार अजिबात नको. नळी घड्या घड्यांची आणि मऊ रबराची असते, तारेने लगेच फाटते. मग साधं पाणी तुंबण्याऐवजी जमिनीवर तळं.

आधी ड्रममधलं पाणी दाराने काढा. दाराचं लॉक सुटत नसेल तर पुष्कळ मशीनमध्ये फिल्टरच्या झाकणामागेच लॉक हाताने सोडायची ओढपट्टी असते. पाण्याची पातळी दाराच्या काठाखाली असेल तरच ओढा. मग मगाने आणि स्पंजाने ड्रम शक्य तेवढा कोरडा करा.

पाण्याचा नळ बंद करून इनलेट पाइप सोडवा, पावडरचा कप्पा बाहेर काढून ठेवा. मशीन मागे कलवायचं, पण एकट्याने नाही. टबाला काँक्रीटची वजनं बांधलेली असतात, ६०-७० किलोचं धूड असतं. कलवल्यावर पुढच्या बाजूला लाकडी ठोकळे सरकवा आणि मागे भिंतीला नीट टेकवा. कोणाच्या नुसत्या हातावर मशीन तोलून धरलेलं असताना खाली हात घालू नका.

काही मशीनना तळाला पत्रा असतो, काहींना नसतो. आत टबाच्या बुडापासून पंपाकडे येणारी काळी नळी लगेच ओळखू येते. बाहेरून दाबून बघा. अडथळा असेल तिथे कडक लागेल. क्लॅम्प सोडवण्याआधी फोटो काढा आणि खाली ट्रे ठेवा, दोन-तीन लिटर पाणी तरी येतंच.

प्रतिसाद

यालाच जोडून विचारतो, नवा धागा काढत नाही. माझं सेमी ऑटोमॅटिक आहे. धुण्याची बाजू ठणठणीत, पण पिळायची बाजू 'हूं' करते आणि फिरत नाही. हाताने ढकललं की सुरू होते. हेही पाण्यामुळेच का?

प्रतिसाद

नाही, तुमचं दुखणं निराळं. हाताने धक्का देऊ नका, वेग घेतला तर बोटं जातील. प्लग काढून पिळायचा टब हाताने फिरवा. झाकण बंद असताना ब्रेक सुटलेला असतो, म्हणून झाकणाच्या खटक्याला जोडलेली ब्रेकची तार आधी ओढली जातेय का ते बघा. ब्रेक सुटूनही टब जड फिरत असेल तर टबाच्या खाली रुमाल-मोजा गेलाय का तपासा. हलका फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर. त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, नवा घेताना तोच आकडा, आणि व्होल्टेज तेवढं किंवा जास्त. जुन्याला हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करायला विसरू नका. जमत नसेल तर हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

प्रतिसाद

माझ्या फ्रंट लोडची पिळताना घरघर वाढत चाललीय, त्याचं काय?

प्रतिसाद

रिकामा ड्रम काठाला धरून वरखाली हलवा. ड्रम टबाच्या आत खुळखुळला तर बेअरिंग. टब आणि ड्रम दोन्ही मिळून झुलले तर ते नेहमीचं आहे, स्प्रिंगवर टांगलेले असतात. बेअरिंग घरी बदलायच्या भानगडीत मी तरी पडणार नाही. अख्खं मशीन सोडवावं लागतं, आणि अलीकडच्या बऱ्याच मशीनचे टब कारखान्यातच वितळवून जोडलेले असतात, स्क्रूने उघडतच नाहीत.

धागाकर्ती

निघालं! भावाला बोलावून मशीन कलवलं. नळी मधोमध कडक लागत होती. सोडली तर आत लहान मुलाचा एक पायमोजा, आणि त्यात आडवी अडकलेली ब्रेसियरची तार. मोजा नुसता नव्हता, साबणाच्या करड्या चिकट्याने नळीच्याच आकाराचा झाला होता. पाणी त्याच्या कडेने झिरपत होतं, म्हणून कधी जायचं, कधी नाही.

नळी धुऊन परत बसवली. पंप, बोर्ड, काहीही बदललं नाही. आता दोन प्रश्न. मोजा ड्रममधून तिथवर गेला कसा? आणि क्लॅम्प स्प्रिंगचा आहे, तो नीट बसलाय हे कसं ओळखू?

प्रतिसाद

दाराचा रबर आणि ड्रमचा काठ यांच्यात फट असते, मोजा तिथून टबात जातो. मशीन ठासून भरलं की जास्त. छोटे कपडे जाळीच्या पिशवीत टाका, तारेच्या ब्राही. रबराची घडी उलटून आत तारेने टोचलं नाही ना तेही बघून घ्या, तार बहुधा ड्रमच्या भोकातूनच निसटली असेल तरी.

क्लॅम्प नळीवरच्या जुन्या वळातच बसायला हवा, तिरका नको. मशीन सरळ करून लेव्हल बघा, इनलेट पाइप जोडा आणि एक रिकामं धुणं लावा. खाली कागद पसरून ठेवा, एक थेंब पडला तरी लगेच दिसेल. ही नळी पंपाच्या आधी येते, त्यामुळे गळत असेल तर पाणी भरल्यावरच कळतं, तरी पिळून होईपर्यंत लक्ष ठेवा.

धागाकर्ती

रिकामं लावलं, कागद कोरडा. मग चादरी लावल्या, पाणी एका दमात गेलं आणि चादरी नीट पिळून निघाल्या. फक्त धुणं संपल्यावर दार लगेच उघडत नाही, मिनिटभर थांबावं लागतं. यातही काही बघायचं आहे का?

प्रतिसाद

काही नाही. बऱ्याच मशीनच्या लॉकमध्ये तापून वाकणारी पट्टी असते, ती निवली की खटका सुटतो. दार ओढत बसू नका, हँडल तुटतं.